हॅम्बुर्गच्या जहाजी याद्या: ॲन्सेस्ट्रीचे पैसे भरावेत का?

निकाल आधीच सांगून टाकतो. भरावेत, पण एका महिन्याचे, आणि गृहपाठ झाल्यावरच. हॅम्बुर्ग बंदरातून गेलेल्या माणसांच्या १८५० ते १९३४ या काळातल्या याद्या ॲन्सेस्ट्री या वंशावळ शोधायच्या, वर्गणी घेणाऱ्या साइटवर मूळ पानांच्या छायाचित्रांसकट आहेत. जर्मन पूर्वज शोधणाऱ्याला इतकी कामाची दुसरी जागा क्वचितच मिळेल. अट एवढीच की तुमचा माणूस हॅम्बुर्गहून गेलेला हवा. तो ब्रेमेनहून गेला असेल, तर वर्षाची वर्गणी भरूनही हाती धुपाटणंच.

सोलापुरात बसून हे कुणाला लागतं, असं वाटेल. बऱ्याच जणांना लागतं. मुलगा अमेरिकेत, सून विस्कॉन्सिन नाहीतर ओहायोची, आणि नातवाला शाळेत वंशवृक्ष काढून आणायला सांगितलेलं. वडिलांच्या बाजूची पाच-सात नावं आजोबा तोंडपाठ सांगतात, आईच्या बाजूला पणजोबांच्या वर नुसतं ‘जर्मनी’. लग्न ठरवताना कुळ-गोत्र-देवक विचारणाऱ्या माणसांना एवढ्यावर चैन पडत नाही. दुसरा गट जर्मनच्या परीक्षा दिलेल्या पोरापोरींचा, जी परदेशी ग्राहकांसाठी घरबसल्या असलं शोधकाम करतात. दोघांनाही उपयोगी पडेल असं लिहिलं आहे.

शोधायचं असतं ते गाव. जर्मनी नावाचा एकसंध देश १८७१ पर्यंत नव्हताच. प्रशिया, बव्हेरिया, बाडेन, व्युर्टेम्बर्ग, हेसे, सॅक्सनी अशी वेगवेगळी राज्यं होती आणि प्रत्येकाचं दप्तर वेगळं. जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ पासून आणि सबंध साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाली. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत, आणि त्या वह्या गावागावाच्या. पंढरपुरात क्षेत्रोपाध्यायांपुढे बसलं की ते आधी गाव विचारतात, आडनाव नंतर. गाव सांगता आलं नाही तर वही उघडून उपयोग नसतो. तिकडेही हिशेब तोच. म्हणून या विषयातल्या कुठल्याही साइटला एकच प्रश्न विचारायचा: ही मला गाव देणार का?

अमेरिकेच्या बाजूच्या याद्या जुन्या काळासाठी बहुधा देत नाहीत. तिथल्या १८१९ च्या कायद्याने १ जानेवारी १८२० पासून प्रत्येक जहाजाच्या कप्तानाला उतारूंची यादी कस्टम्सकडे द्यावी लागे. तिच्यात नाव, वय, स्त्री की पुरुष, व्यवसाय, कुठल्या देशाचा आणि कुठे राहणार, एवढेच रकाने. देशाच्या रकान्यात ‘प्रशिया’ किंवा ‘जर्मनी’ लिहिलं की कारकुनाचं काम संपलं. १८९३ च्या कायद्यानंतर चौकशी वाढली. शेवटचा राहण्याचा ठिकाणा, लिहिता-वाचता येतं का, तिकीट कुणी काढलं, खिशात पैसे किती, कुणाकडे चालला आणि त्याचा पत्ता काय, हे सगळं विचारू लागले. १९०६ आणि १९०७ मध्ये जन्मगाव, शरीराचं वर्णन आणि मायदेशी राहिलेल्या जवळच्या नातलगाचं नाव-पत्ता यांची भर पडली. तेव्हा पूर्वज १९०७ नंतर गेला असेल, तर अमेरिकेची यादीच सरस आहे आणि ती फुकट बघता येते. पण जर्मनांच्या मोठ्या लाटा १८५० आणि १८८० च्या दशकांतल्या आहेत. तिथे गाव हवं असेल, तर निघण्याच्या बंदराची यादी गाठावी लागते.

हॅम्बुर्गचं वेगळेपण इथे आहे. हे दप्तर आज हॅम्बुर्गच्या राज्य अभिलेखागारात आहे. उतारूचं नाव, वय, व्यवसाय, आधीचं राहण्याचं ठिकाण, त्याचं राज्य किंवा प्रांत आणि जायचं बंदर असे त्यात रकाने. आधीचं ठिकाण म्हणजे जन्मगाव नव्हे, हे मात्र पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवायचं. शेतकरी कुटुंब असेल तर दोन्ही बहुधा एकच. मोलकरीण, शिकाऊ कारागीर किंवा गिरणीकामगार असेल तर त्या रकान्यात त्याच्या नोकरीचं शहर येतं. काही जणांच्या नावापुढे तर ‘हॅम्बुर्ग’ असंच असतं, कारण जहाजाच्या भाड्यापुरते पैसे जमेपर्यंत ते तिथेच राबत होते. साइटने शोधासाठी केलेल्या नावांच्या सूचीत हे ठिकाण जन्माच्या रकान्यात दिसलं, तरी विश्वास मूळ पानाच्या मथळ्यावर ठेवा.

याद्या दोन तऱ्हेच्या आहेत आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. थेट याद्या १८५० पासूनच्या. हॅम्बुर्गला चढला तो न्यूयॉर्कला किंवा ब्राझीलला उतरला. अप्रत्यक्ष याद्या १८५० च्या दशकाच्या मध्यापासून १९१० पर्यंतच्या. हा उतारू हॅम्बुर्गहून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ‘हल’ या बंदराला जायचा, तिथून आगगाडीने लिव्हरपूलला, आणि तिथे अटलांटिक ओलांडणाऱ्या मोठ्या बोटीत चढायचा. तिकीट स्वस्त पडायचं म्हणून पुष्कळांनी हा वळसा घेतला. अप्रत्यक्ष यादीत लिहिलेलं जहाज ‘हल’ला जाणारं छोटं असतं. न्यूयॉर्कच्या यादीत त्याच माणसापुढे दुसरंच जहाज आणि निघाल्याचं बंदर लिव्हरपूल. जहाज जुळत नाही म्हणून खरा माणूस सोडून देणारे बरेच असतात. अशा वेळी जहाज बाजूला ठेवा आणि कुटुंबातल्या सगळ्यांची वयं ताडून बघा. इंग्लंडमधून बाहेर गेलेल्यांच्या ब्रिटिश याद्या १८९० पासूनच्याच आहेत, त्यामुळे त्याआधीचा मधला दुवा मिळण्याची आशा धरू नका.

आणखी एक खाचखळगा पहिल्या पाच वर्षांचा. १८५० ते १८५४ च्या याद्या जहाजवार नाहीत, आडनावाच्या पहिल्या अक्षरावर लावलेल्या आहेत. तेव्हा ‘एकाच जहाजात गावातले आणखी कोण होते’ हा शोध तिथे पान उलटून होत नाही. १८५५ पासून मात्र जहाजवार पानं आहेत आणि शेजारच्या ओळी वाचणं फार फायद्याचं. माणसं गावच्या सोबतीने निघत. तुमच्या माणसाच्या गावाचं नाव वाचता येत नसेल, तर वरखालच्या ओळीत तेच गाव कारकुनाने जरा नीट लिहिलेलं सापडतं. पहिल्या महायुद्धामुळे १९१५ ते १९१९ या वर्षांची पानं नाहीत.

आता गृहपाठ. तो पूर्ण फुकट होतो आणि पैसे भरण्याआधीच संपवायचा असतो. माणूस कोणत्या वर्षी आला याचा अंदाज अमेरिकेच्या १९००, १९१० आणि १९२० च्या जनगणनांतून मिळतो, कारण त्यांत आगमनाचं वर्ष विचारलं आहे. सांगितलेलं वर्ष दोन-चारने चुकतं, तेवढी सूट धरा. १८९० ची जनगणना आगीत जवळजवळ संपूर्ण गेली, तिच्या मागे लागू नका. नागरिकत्वाचे कागद २७ सप्टेंबर १९०६ नंतरचे असतील तर सोनं समजा: जन्मगाव, जहाज, आगमनाची तारीख, सगळं त्यात असतं. त्याआधीच्या कागदांवर बहुतेक वेळा ‘प्रशियाच्या राजाशी निष्ठा सोडतो’ एवढंच. अमेरिकेतल्या जर्मन चर्चची लग्नाची आणि दफनाची नोंद, जर्मन वृत्तपत्रातली निधनवार्ता, थडग्यावरचा मजकूर हे तिकडच्या नातलगांकडून मागवून घ्या. अनेकदा गाव तिथेच सापडतं आणि जहाजाच्या यादीची गरज नुसती पडताळ्यापुरती उरते.

एवढं झाल्यावर हाताशी चार गोष्टी हव्यात: नाव आणि त्याची संभाव्य रूपं, जन्मवर्ष, आगमनवर्ष, आणि बरोबर कोण होतं. चौथी सगळ्यात महत्त्वाची. कार्ल म्युलर शेकड्यांनी सापडतील. बायको आणि तीन मुलं ठरावीक वयांची असलेला कार्ल म्युलर एखादाच.

ॲन्सेस्ट्रीवर शोधताना मुख्य पानावरच्या सर्वसाधारण चौकटीत नाव टाकू नका, जगभरचा गाळ वर येतो. संग्रहांच्या यादीतून हॅम्बुर्गचा संग्रह उघडायचा आणि त्याच्या आतल्या चौकटीत शोधायचं. पहिल्या फेरीत आडनाव, जन्मवर्ष दोन वर्षं मागेपुढे, बाकी सगळं रिकामं. निकाल फार आले तर निघाल्याचं वर्ष घाला. काहीच आलं नाही तर आडनाव काढून टाका आणि नुसतं पहिलं नाव, वय आणि वर्ष यांवर शोधा. मुलाचं नाव जरा वेगळं असेल, ऑगुस्टिना किंवा गॉटफ्रीडसारखं, तर त्या नावावरून घरचे सगळे सापडतात. तारांकन म्हणजे कितीही अक्षरं, प्रश्नचिन्ह म्हणजे एकच अक्षर. तारांकन वापरताना निदान तीन खरी अक्षरं द्यावी लागतात.

आडनावाची रूपं आधी कागदावर लिहून घ्या. दोन ठिपकेवाला यू सूचीत कधी साधा यू होतो, कधी यू-ई. श्मिटचे चार प्रकार, मायरचे त्याहून जास्त. कुर्रेंट या जुन्या जर्मन हस्ताक्षराच्या वळणात लहान ई हा एनसारखा दिसतो, यू ओळखण्यासाठी त्याच्या डोक्यावर एक कमान काढलेली असते, आणि मोठ्या अक्षरांत के आणि आर यांची सहज अदलाबदल होते. सूची करणाऱ्याने चुकून काय वाचलं असेल, याचा विचार करून शोधायचं. मोडी वाचणाऱ्यांना ही पद्धत माहीत आहे: त्याच कारकुनाच्या हातची, खात्रीने लागलेली दहा-बारा नावं घ्या, त्यांतून त्याची अक्षरं उचला, आणि मग अडलेल्या शब्दाकडे या. कुर्रेंटची छापील बाराखडी समोर ठेवून काम होत नाही, कारण प्रत्येकाचा हात वेगळा.

पान उघडल्यावर एक ओळ कशी वाचायची ते बघा. समजा १८८१ चं पान आहे. कर्ता पुरुष कार्ल, वय २६, व्यवसायाच्या रकान्यात ‘वेबर’, गाव नॉयडॉर्फ, प्रांताच्या रकान्यात प्रशिया. खालच्या तीन ओळींत आडनावाच्या जागी नुसती पुनरुक्तीची खूण. बायको २४, मुलगी ३, आणि शेवटच्या ओळीत तान्हं मूल, ज्याचं वय महिन्यांत. अमेरिकेच्या यादीत हेच महिने पुष्कळदा बाराच्या अपूर्णांकात येतात आणि सूचीत नऊ महिन्यांचं बाळ नऊ वर्षांचं होऊन बसतं. वेबर म्हणजे विणकर, पण ते आडनावही आहे, म्हणून रकाना बघूनच ठरवा. लांडमान शेतकरी, आर्बायटर मजूर, श्नायडर शिंपी, टिशलर सुतार, टुखमाखर लोकरी कापड विणणारा, डीन्स्टमेडशेन मोलकरीण. एवढ्या सहा शब्दांवर बरीचशी पानं निघतात. सिलेसियाच्या हातमागवाल्यांनी १८४४ मध्ये बंड केलं, ते मोडून काढण्यात आलं, आणि पुढच्या काळात त्या भागातून विणकर बाहेर पडतच राहिले. यंत्रमागापुढे हातमाग कसा बसतो, हे सोलापूरच्या पूर्व भागात कुणाला समजावून सांगायला नको.

वयांवर फार भिस्त ठेवू नका. लहान मुलाचं भाडं कमी, म्हणून मुलांची वयं खाली ओढली जात. लष्कराच्या भरतीच्या वयाला आलेल्या पोरांचीही वयं हलवलेली दिसतात. पहिल्या नावाचं आणखी एक आहे: बारशाला योहान गेओर्ग हाइनरिख अशी तीन नावं ठेवलेल्या माणसाला घरात हाइनरिखच म्हणत. यादीत हाइनरिख, चर्चच्या वहीत योहान. दोन माणसं समजून पुढे जाल तर वंशावळ फाटते.

मिळालेल्या नोंदीचा पडताळा न्यूयॉर्कच्या यादीशी करायचाच. थेट जहाज असेल तर निघाल्याच्या तारखेत भर घाला: शिडाच्या जहाजाला साधारण सहा ते आठ आठवडे, १८८० च्या दशकातल्या आगबोटीला सुमारे दोन आठवडे. नावावर आडवी रेघ असेल तर तो माणूस बहुधा चढलाच नाही. तिकीट घेतलं, पण आजारपण आलं किंवा पुढची बोट धरली. अशा वेळी पुढच्या दोन-तीन बोटींच्या पानांवर त्याला शोधा.

न्यूयॉर्कची बाजू पैसे न देता होते. फॅमिलीसर्च या फुकट साइटवर खातं उघडलं की १८२० ते १८९१ च्या आणि एलिस आयलंड या न्यूयॉर्कच्या उतारू-तपासणी ठाण्याच्या १८९२ ते १९२४ च्या याद्या शोधता येतात. काही छायाचित्रांवर किल्लीची खूण असते, ती फॅमिलीसर्चच्या केंद्रातच उघडतात; तेवढ्यासाठी अडून न बसता तेच पान एलिस आयलंडच्या प्रतिष्ठानाच्या साइटवर बघा, तीही फुकट आहे, फक्त नाव नोंदवावं लागतं. १९०७ नंतरची यादी समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेली असते. पहिलं पान उतरवून घेऊन लोक खूश होतात. कुणाकडे चालला, खिशात किती होते, जन्मगाव कोणतं, हे सगळं दुसऱ्या पानावर, म्हणजे पुढच्या छायाचित्रात राहून जातं. पानावर नंतर केलेल्या खुणाही वाचा. व्यवसायाच्या रकान्यात वरून लिहिलेला आकड्यांचा क्रमांक म्हणजे पुढे कधीतरी नागरिकत्वासाठी ही नोंद तपासली गेली, याचा पुरावा. त्यावरून त्या कागदांचा माग लागतो.

या फुकट साइटींची स्वतःची शोधचौकट अडली, तर स्टीव्ह मोर्सची वन-स्टेप पानं वापरा. दिसायला पंचवीस वर्षं जुनी, रंगरूप काही नाही, पण आडनावाची फक्त सुरुवात, उच्चारातलं साम्य, वयाची मर्यादा, जहाज, गाव असं हवं ते जोडून शोधता येतं. वालचंद कॉलेजात ज्यांनी इंटेलच्या ८०८६ प्रोसेसरवर प्रात्यक्षिकं केली, त्यांना सांगायला हरकत नाही की त्या प्रोसेसरची रचना करणारे स्टीफन मोर्स हेच. चौकटीचं काम या गृहस्थांनी केलंय तसं पैसे घेणाऱ्या कंपन्यांनाही जमलेलं नाही, हे आमचं मत.

नाव अमेरिकेच्या बंदरावर बदललं, ही कथा घराघरांत सांगतात. ती सोडून द्या. यादी निघण्याच्या बंदरावर, बोटीच्या कंपनीच्या कारकुनाने लिहिलेली असे आणि एलिस आयलंडचे अधिकारी तीच हातात धरून माणसं पुकारत. नावं बदलली ती पुढे, माणसांनी स्वतःच, नाहीतर शाळेत आणि कारखान्यात.

ब्रेमेनचं दुःख वेगळं. तिथे १८३२ पासून याद्या ठेवायचा नियम होता, म्हणजे हॅम्बुर्गच्याही आधीपासून. पण जागा पुरेना म्हणून १८७५ पासून जुन्या याद्या नष्ट करायची पद्धत पडली, आणि जे उरलं होतं त्यातलं बरंचसं दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात गेलं. वाचल्या त्या १९२० ते १९३९ च्या. युद्धकाळात मिठाच्या खाणीत ठेवलेली ही पानं पुढे मॉस्कोला पोचली होती. आज ‘दी माउस’ या ब्रेमेनच्या वंशशास्त्र मंडळाने ती सूचीसह फुकट उपलब्ध केली आहेत. साइट साधी आणि वेगवान आहे. नाव टाका, ठिकाण, वय, जहाज, तारीख समोर. १९२० च्या आधीच्या माणसासाठी मात्र तिथे जवळजवळ काही नाही. १८४७ ते १८७१ साठी अमेरिकेच्या याद्यांवरून मागाहून जुळवलेली सूची आहे, तीही ज्यांचं गाव लिहिलेलं होतं अशा थोड्याच लोकांची. आणि नॉर्डडॉइचर लॉइड ही बलाढ्य कंपनी ब्रेमेनची होती, तेव्हा पूर्वज ब्रेमेनवाला निघण्याची शक्यता चांगलीच मोठी आहे.

सगळ्यांना ठाऊक असलेल्या आडनावाचं उदाहरण घ्या. डोनाल्ड ट्रम्प यांचे आजोबा फ्रीडरिश १८८५ च्या ऑक्टोबरात, सोळाव्या वर्षी, ब्रेमेनहून ‘आयडर’ या आगबोटीने न्यूयॉर्कच्या कासल गार्डनला, म्हणजे एलिस आयलंडच्या आधीच्या ठाण्यावर, उतरले. ब्रेमेनची यादी नष्ट झालेली, म्हणून हॅम्बुर्गच्या संग्रहात कितीही शोधा, शून्य. अमेरिकेच्या यादीत ते ‘फ्रीडर. ट्रुम्फ’ असे आहेत: पहिलं नाव तोडलेलं, आडनावाला शेवटी जास्तीचं एफ. तंतोतंत जुळणारं नावच हवं अशी खूण करून शोधणाऱ्याला ते दिसणार नाहीत; आडनावाची सुरुवात देऊन तारांकन लावणाऱ्याला दिसतील. त्यांचं गाव कालश्टाट, पॅलेटिनेट भागातलं, आणि तो भाग तेव्हा बव्हेरियाच्या राज्यात होता. म्हणजे देशाच्या रकान्यात ‘बव्हेरिया’ दिसलं म्हणून म्युनिखच्या आसपास गाव शोधत बसणंही चूक.

नैर्ऋत्येकडचे, म्हणजे बाडेन, व्युर्टेम्बर्ग, पॅलेटिनेटचे बरेच लोक फ्रान्सच्या ल हाव्र बंदरातून गेले. तिथल्या आणि अँटवर्पच्या याद्या जवळजवळ उरलेल्या नाहीत. या भागासाठी बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या लिओ-बीडब्ल्यू साइटवर देश सोडून गेलेल्यांची सूची आहे. ती जहाजावरून केलेली नाही, देश सोडण्याच्या परवानगीच्या सरकारी कागदांवरून केलेली आहे, त्यामुळे गाव हमखास असतं. ज्यांनी परवानगी न घेता पळ काढला, ते अर्थातच तिथे नाहीत.

गाव मिळालं की ते नकाशावर बसवायचं. नॉयडॉर्फ आणि नॉयश्टाट डझनांनी आहेत. मायर्सचा १९१२ चा गावकोश आता मायर्सगाझ नावाने ऑनलाइन, शोधता येण्याजोगा आणि फुकट आहे. त्यात गावाचा तालुका, नोंदणी कार्यालय आणि जवळच्या चर्चचा परगणा मिळतो. ओडर-नायसे नद्यांच्या सीमेपलीकडची बहुतेक गावं आज पोलंडमध्ये आहेत, ब्रेस्लाउचं व्रॉत्सवाफ झालं, श्टेटिनचं श्चेचिन; त्यांच्यासाठी कार्टनमायस्टर ही साइट बघा, जुनी-नवी दोन्ही नावं देते. पुढे चर्चच्या वह्या: कॅथलिक असतील तर मॅट्रिकुला, फुकट, प्रॉटेस्टंट असतील तर आर्कियोन, पैसे देऊन. आर्कियोनचे पैसे भरण्याआधी तुमच्या परगण्याची वही तिथे चढवलेली आहे का, ते यादीत बघता येतं. ते न बघता पैसे भरणारे नंतर चडफडतात.

आता वर्गणीचं. ॲन्सेस्ट्रीच्या अमेरिकन साइटवर सगळ्यात स्वस्त योजना फक्त अमेरिकेच्या कागदांची असते. हॅम्बुर्ग तिच्यात येत नाही, जगभरची योजना घ्यावी लागते. हे न वाचता स्वस्तातली घेऊन फसू नका. पैसे डॉलरमध्ये, म्हणून आपल्या बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार आधी चालू करा आणि कार्डाची परकीय चलनाची आकारणी धरून हिशेब करा. वर्गणी आपोआप नव्याने सुरू होते. भरल्याच दिवशी खात्यात जाऊन ते बंद करून ठेवा. महिना संपेपर्यंत वापर चालूच राहतो.

त्याहून बरा उपाय घरातच असू शकतो. अमेरिकेतल्या पुष्कळ सार्वजनिक वाचनालयांत ॲन्सेस्ट्रीची वाचनालयासाठीची आवृत्ती सभासदांना फुकट बघता येते. सूनबाईंना किंवा मुलाला शनिवारी तिथे पाठवा. नावांची रूपं, वयं आणि वर्षं यांचा कागद तुम्ही इथून व्हॉट्सॲपवर द्या. पानाचं छायाचित्र पूर्ण आकारात उतरवून घ्यायला सांगा. पडद्याचा फोटो काढून पाठवला, तर कुर्रेंटची अक्षरं मोठी केल्यावर फुटतात. फाईलच्या नावात वर्ष, जहाज, खंड आणि पानाचा क्रमांक हवाच. नाहीतर तेच पान पुन्हा शोधायला पुन्हा वर्गणी.

ज्याला हे सगळं लगेच नको आहे, ज्याच्याकडे फक्त आडनाव आणि ‘१८०० च्या सुमारास’ एवढंच आहे, त्याने पैसे अजिबात भरू नयेत. १८५० च्या आधी गेलेल्या माणसासाठीही ही वर्गणी व्यर्थ आहे.

भरलीच, तर त्याच महिन्यात आपलंही काम उरकून घ्या. जगभरच्या योजनेत ब्रिटनला येणाऱ्या उतारूंच्या १८७८ ते १९६० च्या आणि ब्रिटनमधून जाणाऱ्यांच्या १८९० ते १९६० च्या याद्या येतात. बॅरिस्टरीला, डॉक्टरीला किंवा कापड गिरणीची यंत्रं बघायला विलायतेला गेलेला पूर्वज असेल, तर त्यांत वय, व्यवसाय, बोटीचा वर्ग आणि बहुधा लंडनचा पत्ताही असतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला निघाली. त्या मार्गाचे उतारू असल्या याद्यांच्या कक्षेत येतात. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनकडे गेले, तो प्रवास ब्रिटनला शिवलाच नाही, तेव्हा ते इथे नाहीत. आणि जो फ्रान्सच्या मार्से बंदरात उतरून आगगाडीने लंडनला पोचला, तोही नाही, कारण युरोपातल्या बंदरांहून येणाऱ्यांची नोंद या याद्यांत नसते. आडनाव सरळ लिहिलेलं सापडेल अशी अपेक्षा ठेवू नका. कुलकर्णी सीने, केने, दोन ओ घालून, शेवटी वाय लावून, असं सगळं करून बघावं लागतं, आणि पुष्कळदा आडनावाच्या जागी वडिलांचं नाव बसलेलं असतं.